कर्पस : एका हिब्रू शब्दाची कुळकथा

शब्दांची कुळे शोधण्याचा नाद तसा निरुपद्रवी आहे. ज्यास तो जडतो त्याचा पैसा जात नाही, केवळ वेळ जातो. आणि घरच्या मंडळींस उपद्रव म्हणाल तर इतकाच की, पानावर बसल्यावर भाजी कशी झाली आहे हे सांगावयाचे सोडून गृहस्थ तिच्या नावाची व्युत्पत्ती सांगू लागतो. आम्हांस हा नाद विद्यार्थिदशेत जडला तो अद्याप सुटलेला नाही. पुष्कळ शब्दांच्या मागे आम्ही हिंडलो. परंतु ज्या एका शब्दाने आम्हांस इराणच्या बादशहाच्या उद्यानापर्यंत नेले आणि तेथून फिरवून पुन्हा आमच्याच बीड जिल्ह्यातील काळ्या रानात आणून उभे केले, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे बरेच दिवस मनात होते. तो शब्द प्राचीन हिब्रू भाषेतील असून त्याचे रूप ‘कर्पस’ असे आहे.

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात एस्तेर नावाचे एक लहानसे पुस्तक आहे. धर्मग्रंथात मोडत असूनही त्याच्या हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही, ही त्याची एक प्रसिद्ध विलक्षणता. कथा आहे अहश्वेरोश राजाच्या दरबारची. हा राजा म्हणजे इ. स. पूर्व ४८६ ते ४६५ या काळात राज्य करणारा इराणचा सम्राट, ज्यास ग्रीक लोक झर्क्सीस म्हणत, असे बहुतेक विद्वान मानतात. राज्याच्या तिसऱ्या वर्षी राजा आपले वैभव मांडलिकांस दाखविण्यासाठी १८० दिवसांचा उत्सव करतो आणि शेवटी शूशन नगरीच्या प्रजाजनांस राजवाड्याच्या उद्यानात सात दिवस मेजवानी देतो. त्या उद्यानाचे वर्णन ग्रंथकाराने मोठ्या हौसेने केले आहे. संगमरवरी खांब, त्यांवर रुप्याच्या कड्या, कड्यांत ओवलेल्या जांभळ्या दोऱ्या आणि त्या दोऱ्यांवर सोडलेले पडदे. या पडद्यांचे वर्णन करताना ‘पांढरे’ आणि ‘निळे’ या दोन शब्दांच्या मध्ये ‘कर्पस’ हा शब्द बसला आहे. सबंध हिब्रू बायबलात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्याच्या आधी नाही, नंतर नाही.

जो शब्द ग्रंथात एकदाच येतो त्याचा अर्थ लावणे भाष्यकारास मोठे कठीण जाते. दुसऱ्या स्थळाशी ताडून पाहावे तर दुसरे स्थळच नाही. इसवी सनापूर्वी ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा ठेवून आपला मार्ग मोकळा केला. लॅटिन भाषांतरातही ‘कार्बासिनी’ असे त्याच कुळातील रूप आहे. परंतु १६११ साली इंग्लंडात राजाज्ञेने जे भाषांतर झाले, आणि ज्याच्या गद्याची गोडी आमच्या पिढीपर्यंतच्या इंग्रजी शिकलेल्यांस लागली, त्यात पडदे पांढरे, हिरवे आणि निळे झाले. कर्पस या नावाची एक हिरवी पालेभाजीही यहुद्यांस ठाऊक होती. तिच्यावरून हा हिरवा रंग चढला असावा. एकंदरीत इंग्रजी वाचकांनी तीन शतके राजवाड्यातील ते पडदे हिरवेगार पाहिले.

संस्कृत जाणणाऱ्या कोणासही येथे थांबावेसे वाटेल. कर्पस, कार्पास! मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे यज्ञोपवीत ज्या द्रव्याचे असावे म्हणून सांगितले आहे तेच हे. प्राकृतात त्याचा ‘कप्पास’ झाला आणि मराठीत ‘कापूस’. इराणी भाषेच्या वाटेने तो पश्चिमेकडे गेला, हिब्रूत कर्पस झाला, ग्रीकांत कार्पासोस झाला आणि रोमन लोकांत कार्बासुस झाला. राजवाड्यातील पडदा हिरवा नव्हता. तो सुती होता. पांढऱ्या, हिंदुस्थानी नाव मिरविणाऱ्या कापसाचा होता. बहुतेक आधुनिक विद्वानांनी हा अर्थ आता मान्य केला आहे.

याहून मौजेची गोष्ट अशी की, त्याच अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात हिंदुस्थानचे नावही आहे. राजाचे राज्य १२७ प्रांतांवर, ‘होद्दू’पासून कूश देशापर्यंत होते, असे ग्रंथकार सांगतो. होद्दू म्हणजे आमची सिंधू, आणि तिच्यावरून पडलेले देशाचे नाव. तेव्हा पहिल्या वाक्यात देश आणि सहाव्या वाक्यात त्या देशाचा कापूस. आणि याच झर्क्सीस राजाच्या स्वारीचे वर्णन करताना हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की, त्याच्या सैन्यातील हिंदी शिपाई झाडाच्या लोकरीची वस्त्रे ल्याले होते. ग्रीकाने वस्तू पाहिली, पण तिला नाव नव्हते म्हणून ‘झाडाची लोकर’ म्हणून वेळ मारून नेली. यहुदी ग्रंथकाराने मात्र ज्यांची वस्तू त्यांचाच शब्द उचलून आपल्या पवित्र ग्रंथात ठेवला.

आता ‘ज्यांची वस्तू’ हे शब्द आम्ही लिहिले खरे, पण येथे संस्कृताभिमान्यांनी जरा दमाने घ्यावे. ऋग्वेदात कापसाचा उल्लेख नाही. तेथे लोकरीची वस्त्रे आहेत. उलटपक्षी, मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेले सुती कापडाचे तुकडे चार हजार वर्षांहून जुने आहेत. म्हणजे कापूस होता, तो कातणारे होते, तेव्हा त्यास त्यांचे काही नावही असणारच. प्रिझिलुस्की या पंडिताने असे मत मांडले की, कार्पास हा शब्द मूळचा आर्यांचा नसून मुंडा आणि ख्मेर ज्या कुळातील भाषा आहेत त्या कुळातून संस्कृतात आला. हे मत सर्वांनी मान्य केलेले नाही. पण ते ऐकल्यापासून आम्हांस असे वाटू लागले की, या शब्दाचा जन्म पंडिताच्या घरी होवो वा रानातील कष्टकऱ्याच्या झोपडीत, तो वापरून वापरून मऊ झाला आहे तो हातानेच.

आमच्या भागाचा या व्यापाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे टिपण करून ठेवले आहे. ‘कार्पासोस’ हाच शब्द योजून तो पश्चिम हिंदुस्थानातील कापसाचा आणि त्यापासून होणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचा उल्लेख करतो. भडोच बंदरात दक्षिणेतून माल येतो तो पैठण आणि तगर या दोन पेठांतून, असेही तो लिहितो. आणि तगराहून येणाऱ्या मालात पुष्कळसे साधे कापड आणि तलम वस्त्रे असल्याचे नमूद करतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. नकाशावर पैठण आणि तेर यांच्यामध्ये दोरी ताणून धरावी, म्हणजे ती आमच्या बीडच्या आसपासूनच जाते. ज्या गाड्यांतून ते कापड गेले त्यांची चाके याच मातीत रुतली असतील.

एके वर्षी ही सर्व हकीकत आम्ही वर्गात सांगितली. फळ्यावर ‘कर्पस’ एवढाच शब्द लिहिला आणि हे कशाचे नाव असेल म्हणून विचारले. दोघा-तिघांनी ग्रंथाचे नाव सांगितले, एकाने औषधाचे. गेवराई तालुक्यातील एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “सर, कापूसच की हा!” दिवाळीच्या सुमारास ही मुलगी महिनाभर वर्गात दिसत नसे, घरी वेचणी असे. ज्या शब्दाने तीन शतके इंग्रजी वाचकांस चकविले तो तिने आवाजावरून ओळखला. आम्हांस आनंद झाला आणि आम्ही शूशनच्या उद्यानाचे वर्णन रंगवून सांगू लागलो. ते संपल्यावर ती पुन्हा उठली.

“सर, ते पडदे कोणी विणले त्यांची नावं दिलीत का त्यात?”

“नाही, बाळ. विणणाऱ्यांची नाहीत.”

“मग कोणाची दिलीत?”

आम्ही पुस्तक काढून पाहिले. त्या एका अध्यायात राजाच्या सात खोजांची नावे दिली आहेत आणि सात मंत्र्यांचीही दिली आहेत. आम्ही तसे सांगितले. ती “बरं, सर” म्हणून खाली बसली. तो प्रश्न मात्र आमच्या मनातून खाली बसला नाही. आणि या शब्दाचा पुढचा मागोवा आम्ही घेतला तो पुष्कळसा त्या प्रश्नामुळेच.

वर ज्या पालेभाजीचा उल्लेख आला तिची कथा आता सांगितली पाहिजे. यहुदी लोकांचा वल्हांडण सण हा मिसर देशातील दास्यातून आपले पूर्वज सुटले त्याच्या स्मरणाचा. त्या रात्री कुटुंबातील सर्वजण पंगतीस बसून सुटकेची कथा वाचतात. या विधीच्या पंधरा पायऱ्यांपैकी तिसरीचे नाव कर्पस. अजमोद्यासारखी एखादी हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खावयाची. मीठपाणी म्हणजे दासांचे अश्रू, असा भाव सांगतात. जेवणाच्या आधीच भाजी का खातात याचे मुलांस नवल वाटावे आणि त्यांनी प्रश्न विचारावा, हाही तिचा एक उद्देश. घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारल्यावाचून त्या रात्रीची कथा पुढे सरकत नाही, ही योजना ज्याने केली त्यास शिक्षणशास्त्र उत्तम समजले होते, असे आम्ही शिक्षकाच्या नात्याने म्हणू.

हा विधी महाराष्ट्रास परका नाही. कोकणातील बेने इस्राएल मंडळी, ज्यांना तेलाचा घाणा चालवून शनिवारी विसावा घेतल्यामुळे गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आली. एस्तेरच्या कथेचा सण फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणून ते त्यास ‘होळीचा सण’ म्हणत. वल्हांडणाच्या रात्रीची पोथी १८७४ साली पुण्यास हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. तिच्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. कापसाचे नाव सांगणारा शब्द हिब्रूत जाऊन, शेकडो वर्षांनी भाजीचे नाव म्हणून पुण्याच्या छापखान्यात परत आला, आणि त्याच्या शेजारी सुती लुगड्यातील बायका बसल्या. योगायोग म्हटला तरी मनोहर आहे.

भाषाशास्त्रज्ञ आम्हांस येथे अडवील. तो म्हणेल की, भाजीचा कर्पस निराळा आणि कापडाचा कर्पस निराळा. पहिला इराणी ‘करफ्स’ या भाजीच्या नावाच्या नात्यातला, दुसरा संस्कृत कार्पासाच्या. दोघांचे रूप एक झाले ते केवळ आकस्मिक. त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु यहुदी भाष्यकारांनी ही दोन नावे एकमेकांपासून दूर राहू दिली नाहीत. फ्रान्समधील त्रुवा येथे राहणारा राशी (१०४०–११०५) हा त्यांचा महान भाष्यकार. याकोबाने आपल्या लाडक्या योसेफास जो विशेष अंगरखा दिला, त्याच्या वर्णनातील एक अवघड शब्द उलगडताना राशीने एस्तेरमधील या कर्पसाचा दाखला दिला. पुढील काळातील भाष्यकारांनी तो धागा धरून सांगितले की, वल्हांडणाच्या रात्री कर्पस बुडवावयाचा तो त्या अंगरख्याच्या आठवणीने. भावांनी मत्सराने योसेफास वीस रुप्याच्या नाण्यांस विकले, त्याचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडविला आणि बापास नेऊन दाखविला. योसेफ मिसरात गेला. मग दुष्काळ पडला, धान्यासाठी भाऊही त्याच्यामागून गेले. आणि धान्यासाठी गेलेल्यांची संतती तेथे दास झाली. दास्याचा आरंभ परक्या राजाने केला नाही. तो घरात, एका वस्त्रावरून, भावाभावांत झाला. सुटकेचा आनंद साजरा करण्यापूर्वी हे कबूल करावे, असा त्या भाजीचा अर्थ.

दुसरा अर्थ त्याहून कडक आहे. आपल्याकडे कटपयादि पद्धतीत अक्षरांस अंक मानतात तसे हिब्रूतही मानतात. कर्पस या शब्दाची चार अक्षरे क, र, प, स. ती उलट वाचली म्हणजे आधी ‘स’ येतो, ज्याची किंमत साठ. आणि उरलेल्या प, र, क यांचा ‘परेख’ होतो. परेख म्हणजे शरीर मोडून टाकणारे सक्तीचे काम. मिसरातील दास्याचे वर्णन करताना मूळ ग्रंथात हाच शब्द योजला आहे. मिसरातून निघालेले पुरुष सहा लक्ष, म्हणजे साठ अयुते. तेव्हा कर्पस उलटा वाचला की अर्थ होतो: साठ अयुते माणसे सक्तीने राबली.

ही व्युत्पत्ती नव्हे, हे सांगावयास नकोच. यास्काचार्यांनीही निरुक्तात एकेका शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन फोडी केल्या आहेत आणि आजचा भाषाशास्त्रज्ञ त्यांतील पुष्कळ मानीत नाही. शब्दाचा जन्म कोठे झाला हे शास्त्राने सांगावे; त्या शब्दापाशी थांबून काय आठवावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र तो शब्द दरवर्षी उच्चारणाऱ्या माणसांचा आहे. आणि या ठिकाणी तर असे दिसते की, भाष्यकाराच्या अक्षरांच्या खेळाने जे सांगितले ते इतिहासाने खरे करून दाखविले. सुलट वाचावे तर राजाच्या उद्यानातील शुभ्र पडदा. उलट वाचावे तर राबणारी माणसे. कापडास दोन बाजू असतात, तशाच या शब्दास आहेत.

अमेरिकेच्या दक्षिण भागात १८६० साली सुमारे ४० लक्ष माणसे गुलाम होती, आणि त्यांतील फार मोठा भाग कापसाच्या मळ्यांवर राबत होता. त्या लोकांनी जी भक्तिगीते रचली त्यांत मोशे आणि मिसर पुनःपुन्हा येतात, कारण ती कथा त्यांना आपलीच वाटली. १८६१ साली तेथे यादवी युद्ध सुरू झाले, लिव्हरपूलला जाणारा तो कापूस थांबला, आणि गिरण्यांनी आपल्या खानदेश-वऱ्हाडाकडे तोंड वळविले. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला. आमच्याकडील कापसाच्या भावाचा दोर परक्या देशाच्या हाती गेला तो तेव्हापासून.

आज बीड जिल्ह्यात शेतकरी ज्यास कापूस म्हणतो ते झाड बहुतांशी अमेरिकेतून आलेल्या जातीचे आहे. मोहेंजोदडोचे ते कापड देशी जातीच्या कापसाचे होते. निजामी अमलात मराठवाड्याचा गावरान कापूस प्रसिद्ध होता. परभणीच्या कृषी विद्यापीठात देशी वाणांवर अजून काम चालते. पण रानात आता संकरित बियाणे आहे. २००२ साली बीटी बियाण्यास परवानगी मिळाली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात त्याच बियाण्याचा धुव्वा उडविला. शब्द आमचा राहिला आणि झाड बदलले. वेचणी मात्र बदलली नाही. बोंडाची वाळलेली टोके आजही बोटांत रुततात. बायका कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकतात आणि किलोच्या हिशेबाने मजुरी घेतात.

आणि कापूसही ज्यास पुरत नाही तो दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातो. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे अशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत जाणे चुकत नाही, आणि ती एका हंगामात क्वचितच फिटते. याकोबाचे मुलगे दुष्काळात धान्यासाठी मिसरास गेले, ते कोणी साखळदंड घालून नेले नव्हते. आपण होऊन गेलेला माणूस बांधला कसा जातो, हे समजण्यास आमच्या वाचकांनी फार प्राचीन ग्रंथ चाळण्याचे कारण नाही. वल्हांडणाची पौर्णिमा बहुधा चैत्रात येते. कारखान्यांचे पट्टे पडून आमची गाडीवाने आणि ट्रॅक्टरवाली मंडळी लेकराबाळांसह गावी परततात, तो हाच सुमार. कित्येक मुलांची शाळा तोवर संपत आलेली असते.

आंबेजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या सुती वस्त्रावर संतकवीने पंचीकरणाचा विषय, म्हणजे पंचमहाभूतांपासून देहाची रचना कशी झाली तो विचार, ओव्यांत लिहिला आहे. हे वस्त्र म्हणजे जाड सुताची पांघरण्याची पासोडी. थंडीवाऱ्यात गरिबाने अंगावर घ्यावी अशी. ज्ञान लिहावयास दासोपंतांनी ती निवडली याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले. एस्तेरच्या ग्रंथकाराने चामड्याच्या गुंडाळीत कापसाचे नाव जतन केले. दासोपंतांनी प्रत्यक्ष कापूसच जतन केला. विणणाऱ्याचे नाव दोघांनाही ठेवता आले नाही. तशी चाल नव्हती.

ती मुलगी आता पदवीधर होऊन एका शाळेत शिकविते असे ऐकतो. तिचा प्रश्न आम्ही पुढील प्रत्येक वर्गास घातला आहे, आणि उत्तर मिळावे अशी अपेक्षा ठेवलेली नाही. यहुद्यांनी वर्षातील एक रात्र लेकरांच्या प्रश्नासाठी राखून ठेवली आणि आपल्या पूर्वजांचे राबणे विसरू दिले नाही. आपल्या घरी कापूस वातीत आहे, जानव्यात आहे, बाळंत्यात आहे आणि अखेरच्या वस्त्रातही आहे. त्याच्यापाशी थांबून, हा कोणी वेचला, असे घरातील लहान मुलाने एकदा विचारावे आणि वडील माणसांनी त्यास गप्प न करता जे ठाऊक असेल ते सांगावे, एवढे जरी झाले तरी या शब्दाने इतकी पायपीट करून परत आल्याचे सार्थक झाले, असे आम्ही म्हणू.